परबबाईंचं नाक

लालबाग, परळ आणि पंचक्रोशीतील तमाम नाकधारी नागरिकांस या जाहीर निवेदनाद्वारे गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मनुष्यमात्राचे नाक वरच्या बाजूस हाडाचे आणि खालच्या बाजूस मऊ असते. घोळणा फुटला, म्हणजे नाकातून रक्त वाहू लागले, तर मऊ भाग चिमटीत धरावा. हाड धरून काहीही होत नाही. ज्याला हाडच धरायचे आहे त्याने जिन्याचा कठडा धरावा, निदान तोल तरी सावरेल. मान पुढे झुकवावी. श्वास तोंडाने घ्यावा. तोंडात आलेले रक्त गिळू नये, थुंकावे. चिमटी दहा मिनिटे सोडू नये. मध्येच ‘थांबलं का बघू’ म्हणून डोकावणाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटे धरावी. एवढे दोनतीनदा करूनही रक्त थांबले नाही, तर शेजाऱ्यांना न विचारता डॉक्टरांना विचारावे.

हे निवेदन माझं नव्हे. मी भूगोलाचा मास्तर. नाकाशी माझा संबंध सर्दीपुरता. हे निवेदन परबबाईंचं. आमच्या लालबागच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि दर जूनमध्ये नव्या वर्गाला पहिल्या तासाला कविता वगैरे न सांगता हे सांगायच्या. ‘नाकधारी’ हा शब्दही त्यांचाच. त्यामागचं कारण व्यावहारिक होतं. त्यांचा घोळणा केव्हा फुटेल याचा नेम नसे. वर्गात फुटला, तर चाळीस पोरांनी किंचाळत बाहेर पळू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

बाई दिसायला लहानखुऱ्या. मूळच्या मालवणकडच्या, पण जन्म परळच्या चाळीतला. साड्या कायम गडद: चॉकलेटी, वांगी, शेवाळी. “पांढरी साडी मी फक्त दुकानाच्या काचेतून बघते,” असं म्हणायच्या. ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके होते. मुलांना वाटायचं, बाईंना पेपर तपासताना लाल पेन चावायची सवय आहे. बाईंनी तो समज कधी मोडला नाही. “वाटू दे की. लाल पेन चावणारी बाई जरा वचकूनच राहण्यासारखी वाटते.”

आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकाजवळ घोळण्यावर एक रामबाण उपाय होता. कोणी दुर्वांचा रस नाकात सोडायला सांगे, कोणी डोक्यावर गार पाणी थापायला, कोणी गुलकंद, कोणी सब्जा. सगळ्यांचं निदान मात्र एकच: उष्णता. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “माझ्या आईलाही सगळे उष्णताच म्हणायचे. तिने जन्मभर सब्जा खाल्ला. शेवटी ती थंड झाली ती कायमचीच.” मग बाई शांतपणे डबा उघडायच्या.

कांदा हुंगवण्याचे पुरस्कर्ते म्हणजे आमचे पीटीचे मोरे सर. क्रीडादिनाच्या संचलनात सातवीतल्या एका मुलाचा उन्हात घोळणा फुटला. मोरे सर कुठूनसा फोडलेला कांदा घेऊन धावत आले. त्यांनी मुलाची मान मागे टाकली, एका हाताने त्याच्या टाळूवर पाणी थापलं, दुसऱ्याने कांदा नाकाशी धरला. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, की मुलाचा एखाद्या पंथात प्रवेश चालू आहे. मुलाने बिचाऱ्याने नाकातलं सगळं रक्त घटाघट गिळलं आणि समारंभाचे प्रमुख पाहुणे मायेने खाली वाकून “काय झालं बाळा?” म्हणाले, त्याच क्षणी ते सगळं त्यांच्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्यावर परत केलं.

एकच हलकल्लोळ. पाहुण्यांना वाटलं पोरगं गेलं. पोराला वाटलं पाहुणे गेले. बाई गर्दीतून आत शिरल्या, मुलाला बाकावर बसवलं, मान पुढे वाकवली आणि त्याचं नाक चिमटीत धरून मोरे सरांकडे वळल्या.

“मोरे सर, रक्त पोटात गेलं की उलटी होणारच. नाक म्हणजे काय नळ आहे, तोंड वर केलं की बंद व्हायला?”

“मॅडम, पण कांद्याने थांबतं. माझी आजी नेहमी...”

“आजी कांदा हुंगवायची आणि रक्त आपोआप थांबायचं. श्रेय कांद्याला. आपल्या खात्यात बढत्या अशाच मिळतात.”

ही परबबाईंची जीभ. मोरे सर रागावले नाहीत. त्यांनी कांदा खिशात टाकला आणि दिवसभर त्यांच्या पँटीला भजीच्या गाडीचा वास येत राहिला.

पण बाईंच्या कीर्तीचा कळस म्हणजे पाचवी ‘क’चं श्रुतलेखन. बाई वर्गात फिरत फिरत वाक्यं सांगत होत्या आणि तेवढ्यात नाक सुरू झालं. दुसऱ्या कोणी तास थांबवला असता. बाई खुर्चीत बसल्या, पुढे झुकल्या, डाव्या हाताने नाक धरलं, उजव्या हातातलं पुस्तक तसंच ठेवलं आणि सांगणं चालू. आता नाक बंद केलेल्या माणसाला म आणि न म्हणता येत नाही. वाचकांनी हवं तर आत्ताच करून बघावं. दार मात्र लावून घ्यावं. पुस्तकातला मजकूर होता, “मामा, नाना आणि मनू मुंबईत आले. मनूने मोठा समुद्र पाहिला.” चाळीस मुलांनी इमानेइतबारे लिहिलं, “बाबा, दादा आडि बदू बुब्बईत आले. बदूदे बोठा सबुद्र पाहिला.”

एक हात वर झाला. “बाई, बदू कोण?”

बाई नाक धरूनच म्हणाल्या, “बदू बुलगी आहे. लिही.”

मुख्याध्यापिकेने त्या आठवड्यात नेमक्या त्याच वह्या बघायला मागवल्या. पानापानावर बदू, आणि प्रत्येक बदूखाली दहापैकी दहा. बाईंना बोलावणं गेलं. बाई म्हणाल्या, “मॅडम, मुलांनी कान अगदी नीट वापरलेत. बिघडलं होतं ते माझं नाक. त्याचे मार्क मुलांचे कसे कापू?”

पुढे कित्येक वर्षं आमच्या शाळेत दांडी मारणाऱ्या मुलीला ‘बदू’ म्हणत. कारण कोणालाच माहीत नव्हतं.

आता हे सगळं मी इतक्या खुशीत सांगतोय, पण बाईंचा दिवस कसा जायचा हे फार थोड्यांना ठाऊक होतं. सकाळी मिठाच्या पाण्याचे थेंब, मग नाकात आतून मलम, म्हणजे आतली त्वचा कोरडी पडून तडकू नये. लोहाच्या गोळ्या, आणि गोळीच्या आगेमागे चहा नाही. डोकेदुखीची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, कारण काही गोळ्यांनी रक्त पातळ होतं. जड पिशवी उचलायची नाही. शिंक आली तर नाक दाबायचं नाही. तोंड मोठ्ठं उघडून शिंकायचं. त्या एवढ्याशा बाई शिंकल्या, की स्टाफरूमची खिडकी थरथरे आणि शिपाई घंटा द्यायला उठे. फुटणारी वाहिनी बंद व्हावी म्हणून चारदा डॉक्टरकडून नाक आतून जाळून घेतलं होतं. दोनदा ‘पॅकिंग’, म्हणजे रक्त थांबवायला नाकात ठासून भरलेली लांबच लांब पट्टी. त्याचं वर्णन त्यांनी स्टाफरूममध्ये केलं होतं: “अख्खी नऊवारी नेसवली हो नाकाला. आणि काढताना? द्रौपदीची!”

आम्ही हसलो. त्या रुमालाने डोळे पुसत होत्या. हसून पाणी आलंय, असं आम्ही धरून चाललो.

बाईंचे यजमान मुलगी केतकी पाचवीत असताना गेले. केतकी एकुलती एक. ती नववीत असताना बाई एकदा परळच्या मोठ्या इस्पितळात नव्या डॉक्टरकडे गेल्या. कान-नाक-घशाचा तरुण पोरगा. त्याने नाक बघायच्या आधी बाईंची बोटं बघितली, ओठ बघितले आणि विचारलं, “आईच्या नाकातून रक्त यायचं?” बाई म्हणाल्या, उभ्या जन्मात पहिल्यांदा कोणीतरी नाकाबद्दल योग्य प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. “सर, माझ्या आजाराचं काल बारसं झालं. नाव भलतं लांब आहे. उष्णता नाही. रक्तवाहिन्या मधेमधे चुकीच्या जोडल्या गेल्यात, आणि तिथली भिंत पातळ आहे. नाकातली फुटते ती दिसते. छातीत किंवा डोक्यात असली तर दिसत नाही, आणि घात करते ती तीच.”

“तुमच्या आहेत का छातीत?”

“माझ्या नाहीत. बघितलं त्यांनी. पण हे पोटच्या पोराला जातं. निम्मी शक्यता, म्हणाले. निम्मी म्हणजे काय हो, सर? दोन मुली असत्या तर एकीला दिलं, एकीला नाही दिलं, असा हिशेब तरी केला असता. मला एकच आहे. तिला निम्मं कसं वाटू?”

डॉक्टरने सांगितलं होतं, मुलीची छाती एकदा तपासून घ्या, निदान लग्न आणि बाळंतपण यांच्या आधी तरी. शिवाय असंही सांगितलं होतं, की ज्यांना हा आजार असतो त्यांतल्या बहुतेकांचं नाक तरुणपणीच फुटायला लागतं. बाईंनी पहिलं वाक्य बाजूला ठेवलं आणि दुसरं वाक्य उराशी धरलं.

तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात एक शब्द आला: कोरडी. “केतकी दहावीला बसली, कोरडी.” “केतकीची बारावी झाली, कोरडी आहे हो अजून.” केतकीच्या दर वाढदिवसाला स्टाफरूममध्ये पेढे यायचे. नव्याने आलेल्या शिक्षिकेला वाटायचं मुलगी पहिली आली असेल. आम्ही जुने लोक पेढा उचलून फक्त विचारायचो, “कोरडी?” आणि बाई मान हलवायच्या. तसं खुललेलं तोंड मी नंतर कोणाचं पाहिलं नाही. तपासणीचा विषय मी एकदोनदा काढला. “कशाला उगीच पोरीला यंत्रात घालायचं? कोरडी आहे ती,” म्हणून बाई डब्यातली कोशिंबीर पुढे सरकवायच्या.

केतकीला त्या फक्त पांढरे रुमाल घेऊन द्यायच्या. ते स्वतःच्या हाताने धुवायच्या, आणि धुण्याआधी खिडकीशी उजेडात धरून बघायच्या.

केतकी हुशार निघाली. परळला मिलच्या जागेवर जी काचेची उंच इमारत उभी राहिली, तिथे तिला नोकरी लागली. जिथे केतकीच्या आजोबांनी कापड विणायचे साचे चालवले त्याच कंपाउंडात नात लिफ्टने एकविसाव्या मजल्यावर जाते, याचा बाईंना अभिमान होता. फक्त एसीबद्दल त्या कुरकुरायच्या: “कोरडी हवा वाईट गं नाकाला.” मग लगेच, “तुला काय म्हणा.”

बाई निवृत्त झाल्या, त्यानंतर दोनेक वर्षांत खूप थकल्या. रोज थोडं थोडं गेलेलं रक्त शरीर कुठवर भरून काढणार? हृदयावर ताण आला. जिना चढताना त्या प्रत्येक मजल्यावर उभ्या राहून शेजाऱ्यांची विचारपूस करायच्या. आम्हाला वाटायचं बाई गप्पिष्ट झाल्या. केतकीचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात त्यांचं नाक असं सुरू झालं, की दहा मिनिटं धरून, पुन्हा धरून, तिसऱ्यांदा धरूनही थांबेना. इस्पितळात दाखल केलं. पॅकिंग, रक्ताच्या पिशव्या, सगळं झालं. मी भेटायला गेलो त्यानंतर आठवड्याभराने बाई गेल्या. नाकाने नाही, हृदयाने. डॉक्टर म्हणाले, ते दमलं होतं.

केतकीने मला पुढचं सगळं बाईंच्या तेराव्यानंतर सांगितलं. तिचा घोळणा पहिल्यांदा फुटला तो नववीतच, बाई त्या नव्या डॉक्टरकडे जायच्या आधी. दोनदा फुटला होता. आईला सांगायचं, सांगायचं म्हणत होती. मग आई इस्पितळातून घरी आली, पर्स न ठेवता तशीच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “केतकी, तुझ्या नाकातून कधी आलंय का गं?”

“काका, तिचं तोंड बघितलं आणि मी नाही म्हटलं. ती मटकन खालीच बसली. हसत होती. मला वाटलं, उद्या सांगू. मग दुसऱ्या दिवशी तिने पेढे आणले.”

त्यानंतर ते ‘नाही’ परत घेण्यासारखं राहिलंच नाही. केतकीने दादरच्या फूटपाथवरून मरून रंगाचे रुमाल घेतले, ते ऑफिसच्या बॅगेत लपवले. आईने दिलेले पांढरे रुमाल साध्या पाण्यात भिजवून, चुरगाळून धुण्यात टाकायची, म्हणजे वापरल्यासारखे दिसावेत. आई ते खिडकीशी धरून बघायची. मुलगी पलीकडच्या खोलीत बसून आई बघते आहे हे बघायची. घरात नाक सुरू झालं तर अंघोळीला जायची. “मला आंघोळीला वेळ लागतो म्हणून आई चिडायची, काका. म्हणायची, सगळी टाकी तूच संपव.”

आणि छातीची तपासणी? ती करायची म्हणजे आईला कारण सांगावं लागलं असतं. दोघीजणी एकमेकींना जपत होत्या आणि त्या जपण्यात केतकीचा जीव टांगलेला होता. त्या तरुण डॉक्टरने सांगितलेली एक तपासणी, एका दुपारचं काम, एवढी वर्षं एका पेढ्याखाली दबून राहिली.

लग्नाआधी तिने ती करून घेतली. छातीत तशी एक वाहिनी निघाली. मांडीच्या शिरेतून नळी घालून ती आतल्या आत बंद केली. केतकी आता ठीक आहे. हे मी इथेच सांगून टाकतो, कारण वाचकाला टांगून ठेवायची मला एरवी फार हौस असली तरी या बाबतीत नाही.

पण तपासणी झाली ती इस्पितळातल्या एका दुपारमुळे, आणि त्या दुपारी मी तिथे होतो.

भेटीची वेळ चारची. बाईंची खाट खिडकीपाशी. दोन्ही नाकपुड्या बांधलेल्या, हाताला सलाईन, तोंड अर्धं उघडं. मला बघून म्हणाल्या, “सर, या, बसा. चहा घेतलात?” आजारी माणसाने पाहुण्याला चहा विचारायचा ही खास परळची रीत. केतकी म्हणाली, “आई, बोलू नकोस, पॅकिंग हलेल.” ती स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. मी शाळेच्या गमती सांगत होतो, बाई डोळ्यांनी हसत होत्या. लग्नाचा विषय निघाला. केतकी म्हणाली, साडी ऑफ-व्हाइट घेतलीय. बाईंनी त्यावर कौतुकाने मान हलवली.

तेवढ्यात सोललेल्या फोडीवर एक थेंब पडला.

मीच ओरडलो, “सिस्टर!” केतकीने उजव्या हाताने मला खाली बसायची खूण केली. तिने बशी खाटेवर ठेवली, स्टूल जरा मागे सरकवलं आणि पुढे झुकली. डाव्या हाताचं कोपर गुडघ्यावर टेकवलं, अंगठा आणि बोट हाडाच्या बरोबर खाली, मऊ जागी बसलं. तोंड उघडलं. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पहिल्यांदा घोळणा फुटलेलं माणूस बावरतं. बोटाला लागलेलं रक्त बघतं, वर बघतं, कोणालातरी हाक मारतं. केतकीने यातलं काहीच केलं नाही. बायका साडीच्या निऱ्या जशा न बघता करतात, तसं तिने ते केलं. आणि मग तिला कळलं, आपण कोणासमोर बसलोय. पण चिमटी सोडता येत नव्हती.

बाई तिच्या नाकाकडे बघतच नव्हत्या. तिच्या हाताकडे बघत होत्या. निबंधाच्या पहिल्या दोन ओळींवरून पोराने घरी किती वेळा लिहून बघितलाय हे ओळखणाऱ्या त्या बाई. मला वाटलं, आता त्या रडतील, घाबरतील, मला काहीतरी विचारतील. त्यांनी सलाईनचा हात उचलला, नळी ताणली गेली, आणि तो केतकीच्या वाकलेल्या डोक्यावर ठेवला. जन्मभर पोरांकडून शुद्ध भाषा घोटून घेणाऱ्या बाई, सगळा वॉर्ड ऐकेल एवढ्या मोठ्याने आपल्या आईच्या मालवणीत बोलून गेल्या:

“इतकी वर्सां एकटीच पुसत रवलंस गो बाय!”